पवनचक्क्या, समुद्री गरुड आणि आमचा सडा: फिरत्या मजकुराला सविस्तर उत्तर आणि त्यावरील चर्चा

सड्यावरचा

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक समूहावर एक मजकूर फिरला. त्याचा आशय असा, की पवनचक्की म्हणजे धूर नाही, राख नाही अशी स्वच्छ वीज. पक्षी मरतात ही कोळसावाल्यांनी उठवलेली आवई. अमेरिकेत मांजरी पवनचक्क्यांच्या हजारो पट पक्षी मारतात. आणि कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, हा नुसता ओसाड कातळ असल्याने तिथे बिघडण्यासारखे काहीच नाही.

मांजरींची आकडेवारी खरी आहे. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अंदाजांनुसार मांजरी वर्षाला किमान 130 कोटी पक्षी मारतात, तर पवनचक्क्यांमुळे मरणारे पक्षी एक लाख चाळीस हजार ते सव्वातीन लाखांच्या दरम्यान आहेत. परंतु मांजर चिमणी आणि बुलबुल धरते, समुद्री गरुड धरत नाही. जो पक्षी वयात यायला काही वर्षे घेतो, दोन अंडी घालतो आणि बहुधा एकच पिल्लू वाढवतो, त्याच्या एका किनारपट्टीवरील चार प्रौढ पक्षी गेले तर ती पोकळी भरून यायला किती काळ लागेल, हे मजकूर लिहिणाऱ्याने मोजलेले दिसत नाही. नॉर्वेतील स्मोला बेटावर आपल्या समुद्री गरुडाचा जवळचा नातलग पात्यांना धडकून वारंवार मेला, आणि तिथला पवनप्रकल्प गरुडांच्या भर वस्तीत उभारला गेला होता, हे जगजाहीर आहे.

‘ओसाड’ या शब्दाने तर मला रात्री झोप लागली नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर या कातळावर दीपकाडी उमलते, मागून सीतेची आसवे येतात, उथळ डबक्यांत बेडकांची पिल्ले वळवळतात आणि सड्यात मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला मिळते. पवनचक्कीला माझा विरोध नाही. कोणत्याही प्रकल्पाआधी त्या जागेची किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा नोंद व्हावी आणि ती गावासमोर यावी, एवढीच माझी मागणी आहे. आज कायद्याने तीही बंधनकारक नाही, कारण 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनप्रकल्पांना पूर्वमंजुरीची अट लागू नाही.

वाऱ्याचा अभियंता

मी या क्षेत्रात सातारा आणि धुळे जिल्ह्यांत काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पवनचक्कीला विरोध नाही असे म्हणणारे प्रत्येक ठिकाणी ‘ही जागा नको’ म्हणतात, आणि अखेरीस कोणतीच जागा उरत नाही. याच किनाऱ्यावर जैतापूरला प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या 6 अणुभट्ट्यांचा प्रकल्प नको होता, बारसूला तेलशुद्धीकरण नको होते, कोळसा तर कोणालाच नको आहे. मग वीज कुठून यायची? उष्णता वाढल्याने आंब्याचा मोहोर जळतो, निसर्ग आणि तौक्ते यांसारखी वादळे लागोपाठच्या वर्षी येतात, आणि त्यात गरुडाचे घरटे असलेले झाडच आडवे होते. हा तोटा तुमच्या हिशेबात का येत नाही?

कोकणाला पवनचक्की नवी नाही, हेही लक्षात घ्यावे. 1986 च्या सुमारास देशात 55 किलोवॅटची पहिली यंत्रे बसली तेव्हा या किनाऱ्याचाही त्यात समावेश होता, आणि देवगडला आजही लोक पवनचक्क्यांखाली उभे राहून मुलांचे फोटो काढतात. त्यामुळे पाखरे देवगड सोडून गेली असे मी कोणाकडून ऐकलेले नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील ज्या अभ्यासाचा नेहमी दाखला दिला जातो, त्यातही यंत्रांच्या परिसरात सरड्यांची संख्या वाढलेली आढळली. जीवसृष्टी नष्ट झाली, असे कुठे दिसते?

पक्षीनोंद

अभियंता महोदय, तो निबंध मी शेवटपर्यंत वाचला आहे, म्हणून आपल्या वाक्याचा राग आला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवले ते असे, की यंत्रे नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. मारणारा कमी झाला म्हणून निळी, काळी, केशरी गळपिशवी असलेला तो सरडा वाढला, त्याच्या रक्तातील तणावाचे संप्रेरक घटले, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत तो पळेनासा झाला. म्हणजे अन्नसाखळीतील वरची कडी निसटल्याने खालच्या प्राण्याचे वागणे आणि शरीर दोन्ही बदलले. सरडे वाढले एवढेच वाक्य उचलणे म्हणजे दुखण्याचे लक्षण प्रकृतीचा पुरावा म्हणून दाखवणे होय.

देवगडच्या छोट्या यंत्रांवरून आजच्या यंत्रांचा अंदाज बांधता येत नाही. आजच्या एका यंत्राची क्षमता दोन-तीन मेगावॅटची असते, पात्याचे टोक तासाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते, आणि पन्नास-साठ मीटर लांबीचे पाते वर नेण्यासाठी सड्यावर रुंद रस्ता फोडावा लागतो. पात्यापेक्षा तो रस्ताच जास्त नुकसान करतो, असे माझे मत आहे. हिवाळ्यात ज्या गवतात भोवत्या (हिवाळी पाहुणे शिकारी पक्षी) रात्री उतरतात, तिथे खडी पडली की त्या पुन्हा उतरत नाहीत.

हापूसवाला

आपण सगळे गरुड आणि भोवत्यांविषयी पोटतिडकीने लिहिता. वानरांविषयी कोणी लिहील का? आमच्या वाडीत कणगी, करांदे, भुईमूग, परसातली भाजी यांतले काहीही आता लावता येत नाही. वानर आणि तांबड्या तोंडाची माकडे मोहोर ओरबाडतात, कोवळ्या कैऱ्या एक चावा घेऊन टाकून देतात, आणि राखण करायला माणूस ठेवावा तर त्याची मजुरी बागेतून निघत नाही. अर्ज दिले, पंचनामे झाले, भरपाईचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला.

याचा पवनचक्कीशी संबंध काय, असे विचाराल. संबंध असा, की ज्याची भातशेती पडीक झाली, ज्याच्या बागेचा खर्च औषधांवरच जातो, त्याला सड्याच्या तुकड्यावर वर्षाला ठरावीक भाडे मिळणार असेल, तर तो ते का नाकारेल? दीपकाडीवर माझी मुले शिकत नाहीत.

दादरचा चाकरमानी

हापूसवाले, भाडे म्हणता, पण भाड्याने कोण देतो आहे? आमच्या गावात सडा एजंटाच्या मार्फत परस्पर विकला गेला. सामाईक सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची तीसेक नावे होती. गावात राहणाऱ्या भावकीने सह्या जमवल्या आणि आम्हाला गणपतीत कळले. वानरांचा त्रास मला मान्य आहे, परंतु त्याची ढाल करून वडिलोपार्जित जमीन काढून टाकणे मला पटत नाही.

हापूसवाला

तीस नावांपैकी किती जणांनी गेल्या वीस वर्षांत सड्यावर पाऊल ठेवले, तेही लिहा. गडगा कोसळला तर मी बांधायचा, वणवा लागला तर मी झोडपायचा, म्हाताऱ्या काकूला दवाखान्यात मी न्यायचे, आणि सहीची वेळ आली की दादर आणि डोंबिवलीहून हक्क सांगायला सगळे हजर. तुम्ही मे महिन्यात येता तेव्हा सडा तुम्हाला सुंदर दिसतो, कारण पेटी भरून आंबा घेऊन तुम्ही परत जाता. मागे उरतो तो मी आणि वानरांचा कळप.

दादरचा चाकरमानी

हा आरोप मी सहन करणार नाही. माझ्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून गावचे घर कौलारू केले, शाळेला वर्गणी दिली, आणि आजही घरपट्टी मी भरतो. पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा गावावरचा हक्क संपतो, असा नियम कोणी केला? आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांत मुंबईकर होते तसे गावकरीही होते. आमच्या भावकीत पहिली सही गावात राहणाऱ्याचीच होती.

सड्यावरचा

दोघांनाही विनंती, की भावकीचा निवाडा इथे होणार नाही. मात्र एक गोष्ट या वादातूनच पुढे आली आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. शेती परवडत नाही म्हणून सडा निरुपयोगी ठरतो, निरुपयोगी ठरला म्हणून विकला जातो, आणि विकला गेल्यावर त्यावर काय उभे राहील हे ठरवण्यात गावाचा शब्द उरत नाही. हापूसवाल्यांचे वानरांविषयीचे म्हणणे मी विषयांतर समजत होतो, ते तसे नाही, एवढे मान्य करतो. परंतु भाडेपट्टा आणि खरेदीखत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माजी लाइनमन

माझी नोकरी खांबावर गेली, म्हणून पात्यांपेक्षा तारांविषयी लिहितो. ज्या फिडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, मी काम केले, तिथे मोठी वटवाघळे 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) दोन तारांना एकाच वेळी पंख लागून मरत, आणि पहाटे तक्रार यायची ती ‘लाइट गेली’ अशी, वटवाघळाची नोंद कोणत्याही वहीत होत नसे. घार, घुबड, मोर, सगळ्यांची हीच गत मी पाहिली आहे. पवनप्रकल्प आला की सड्यापासून उपकेंद्रापर्यंत नवी वाहिनी येणार, आणि ती बहुधा खाडी ओलांडून जाणार, जिथून पक्ष्यांची रोजची ये-जा असते.

राजस्थानात माळढोक वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश द्यावा लागला. 2024 मध्ये तो सौम्य झाला, तरी मूळ प्रश्न तारांचाच होता. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाने थरच्या वाळवंटातील सुमारे 4200 चौरस किलोमीटरमध्ये तारांमुळे वर्षाला 84,000 पक्षी मरतात. म्हणून तार कुठून जाणार, हे आधी विचारा. वादळानंतर किनाऱ्यालगत भूमिगत वाहिन्यांची कामे झालीच आहेत, तेव्हा ते अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

वाऱ्याचा अभियंता

तारांचा मुद्दा मी नाकारत नाही. आमच्याकडे यंत्रांच्या जागेवर महिनोन्महिने चर्चा होते आणि वाहिनीचा मार्ग नकाशावर एका दुपारी आखला जातो, हे खरे आहे. सरड्यांविषयीचे माझे वाक्य अपुरे होते, तेही मागे घेतो, पण आपल्या स्वरातील तुच्छता मला आवडलेली नाही.

उपायांविषयी मात्र कोणीच बोललेले नाही. स्मोलामध्येच तीनपैकी एक पाते काळे रंगवलेल्या चार यंत्रांखालील पक्षीमृत्यू 70 टक्क्यांहून अधिक घटल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रे मोजकी होती, हे मान्य. मंद वाऱ्याच्या रात्री यंत्र उशिरा सुरू केले तर वटवाघळांचे मृत्यू निम्म्याने किंवा अधिक कमी होतात, आणि त्या वेळी वीजही नगण्य निर्माण होत असल्याने तोटा थोडा असतो. कोकणात खरा वारा जून ते सप्टेंबरचा, तर भोवत्या आणि कुरव (समुद्रपक्षी) येतात त्यानंतर. हे वेळापत्रक जुळवता येते. एक वर्षाच्या नोंदीची अट मी प्रकल्पाच्या बाजूने बोलतानाही स्वीकारीन, पण ती अट संपल्यावर दुसरी अट काढू नये.

पक्षीनोंद

स्वरासाठी क्षमा मागत नाही, कारण तो निबंध मोडून वापरलेला मी अनेकदा पाहिला आहे. नोंदीची अट आपण स्वीकारलीत, याचे स्वागत. दुसरी अट निघणार नाही, असे वचन नोंद होण्याआधी कोणी देऊ शकत नाही. घरट्यापासून हाकेच्या अंतरावर यंत्र येत असेल तर रंगवलेले पातेही मला चालणार नाही. आणि समुद्री गरुड वर्षानुवर्षे त्याच घरट्यात परततो, म्हणून पावसाळ्यात रिकामे दिसलेले घरटे ‘सोडून दिलेले’ म्हणून अहवालात लिहिले जाऊ नये. प्रकल्पाने पैसे दिलेल्या सल्लागाराकडून ही नोंद करून घेण्यास माझा विरोध राहील.

हापूसवाला

नोंद करायला येणाऱ्यांनी माझ्या बागेतून सड्यावर जाणारी पायवाट वापरावी, माझी हरकत नाही. सड्याच्या कडेला सातविणीवर एक घरटे आहे, ते माझ्या वडिलांच्या काळापासून मी पाहत आलो आहे, आणि त्याच्यापुढे यंत्र उभे राहावे असे मलाही वाटत नाही. भाडे मात्र मला हवे आहे, आणि ते कमी यंत्रांचे मिळाले तरी चालेल. त्याच नोंदवहीत वानरांचे कळप, त्यांची संख्या आणि माझ्या बागेचे नुकसान हेही लिहिले गेले पाहिजे. ते लिहिणार असाल तरच ग्रामसभेत तुमच्या ठरावाला माझा हात वर होईल.