मदत हवी आहे: संस्थेसाठी निधी संकलन समन्वयक नेमायचा आहे, मागच्या वेळी चुकलं ते पुन्हा होऊ नये म्हणून

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट माहितीवर अर्धवट सल्ला मागण्यापेक्षा सगळं सविस्तर लिहिते.

आमची छोटी संस्था आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणं आणि घरच्यांना ती शिकवणं हे आमचं काम. दोन परिचारिका पगारी, हिशेबनीस अर्धवेळ, बाकी सगळे स्वयंसेवक. मी सचिव आहे, बिनपगारी. अकरा वर्षं पैसा ओळखीपाळखीतून आला. ज्यांच्या आईवडिलांची सेवा आमच्या बायकांनी केली त्यांनी दिला, त्यांनी आणखी चौघांना सांगितलं. आता रुग्ण वाढलेत, ओळखी तेवढ्याच आहेत. यादीत ३४० नावं आहेत. त्यातल्या निम्म्या लोकांनी गेल्या दोन वर्षांत काहीच दिलेलं नाही, आणि खरं म्हणजे आम्हीही त्यांना काही कळवलेलं नाही.

दीड वर्षापूर्वी एका तरुणाला निधी संकलनासाठी नेमलं. हुशार, बोलायला गोड, लिहायला चांगला. नऊ महिन्यांत सोडून गेला. जाताना मी त्याला विचारलं, काय कमी पडलं? तो म्हणाला, एका देणगीदाराला फोन करायचा तर तो कोण, मागे किती दिले, कुणाच्या ओळखीतून आला, हे कळायला मला चार जणांना विचारावं लागायचं, आणि चौघं चार वेगळी उत्तरं द्यायचे. हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आता कार्यकारिणी पुन्हा माणूस नेमायचा म्हणते. खजिनदारांचं म्हणणं, पगार नाममात्र ठेवू आणि जी रक्कम आणेल तिच्या दहा टक्के देऊ, म्हणजे संस्थेला धोका नाही. दुसऱ्या एका सदस्यांच्या ओळखीची व्यक्ती मोठ्या संस्थेत होती, ती 'स्वतःची देणगीदारांची यादी घेऊन येईल' असं ते सांगतात. मला दोन्ही गोष्टी खटकतात, पण का खटकतात ते बैठकीत नीट मांडता आलं नाही.

तर टक्केवारीवर माणूस ठेवावा का? यादी घेऊन येणाऱ्याचं काय करावं? मुलाखतीत नेमकं काय बघावं? आणि पहिल्या वर्षात त्याच्याकडून किती अपेक्षा धरणं रास्त आहे? हे काम केलेल्या किंवा करवून घेतलेल्या कुणीही लिहा.

प्रतिसाद १

ताई, बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून आधी टक्केवारीबद्दल लिहितो. ठेवू नका. हे माझं वैयक्तिक मत नाही. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही १९६० पासूनची या व्यवसायातली मोठी संघटना. तिच्या आचारसंहितेत देणगीच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायला सदस्यांना स्पष्ट मनाई आहे. चांगल्या कामाबद्दल बोनस चालतो, पण तो आणलेल्या रकमेच्या टक्क्यांवर बेतलेला नसावा.

कारण साधं आहे. तुमच्या यादीत एक आजी आहेत असं धरा. त्या दरवर्षी थोडं थोडं देतात, पुढेही देतील, कदाचित मृत्युपत्रातही तुमचं नाव घालतील. टक्केवारीवरचा माणूस त्यांच्याकडे बसला तर त्याचं हित 'आत्ताच एकरकमी द्या' म्हणण्यात आहे. आजींचं आणि तुमचं हित मात्र याच्या उलट. शिवाय एखाद्या फाउंडेशनला प्रस्ताव पाठवला की उत्तर यायला सहज आठ-दहा महिने जातात. तेवढे महिने तो काय खाणार? पैसे आले तरी ते रुग्णसेवेसाठी म्हणून बांधलेले असतात. त्यातून दहा टक्के काढून देणं म्हणजे देणाऱ्याला दिलेला शब्द मोडणं.

आणखी एक. १९९३ मध्ये या क्षेत्रातल्या संघटनांनी मिळून देणगीदारांच्या दहा हक्कांची सनद काढली. पैसे मागायला आलेला माणूस स्वयंसेवक आहे, संस्थेचा नोकर आहे की भाड्याने घेतलेला आहे, हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. तुमच्या खजिनदारांना एवढंच विचारा, की एखाद्या देणगीदाराने हा प्रश्न केला तर 'तुमच्या हजारातले शंभर याच्या खिशात जातात' हे आपण त्याच्या तोंडावर सांगू शकतो का?

यादीबद्दल तर मी अजिबात मागेपुढे पाहणार नाही. ती यादी त्या व्यक्तीची नाहीच. ती ज्या संस्थेत तयार झाली त्या संस्थेची आहे. त्या लोकांनी आपले नावपत्ते विश्वासाने दिले ते त्या संस्थेला. जो आज त्यांची यादी तुमच्याकडे आणेल तो उद्या तुमची ३४० नावं तिसरीकडे नेईल.

धागाकर्ती

आजींचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला, कारण तशा आजी आमच्या यादीत खरंच आहेत. धन्यवाद. यादीचा मुद्दा उद्याच मांडते.

पण खजिनदारांची बाजूही मला पटते. ते कंजूष नाहीत. मागच्या वेळी नऊ महिन्यांचा पगार गेला आणि हाती फारसं काही आलं नाही, हे त्यांनी स्वतः हिशेबात पाहिलंय. त्यांची भीती खरी आहे. त्यांना काय सांगू?

प्रतिसाद २

मी एका संस्थेचा खजिनदार आहे, म्हणून तुमच्या खजिनदारांच्या वतीने लिहितो. भीती योग्य आहे, पण तिच्यावरचा उपाय टक्केवारी हा नाही. पगाराची तरतूद माणूस येण्याआधीच करून ठेवणं हा आहे.

आम्ही ठरवलं होतं की दीड वर्षाचा पूर्ण पगार बाजूला पडल्याशिवाय जाहिरात द्यायची नाही. हा पगार प्रकल्पाच्या पैशातून काढता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका, लेखापरीक्षणात तोंडघशी पडाल. आम्ही तीन जुन्या देणगीदारांकडे फक्त याच कारणासाठी गेलो. म्हटलं, एका रुग्णासाठी नाही मागत, संस्थेला पुढची पाच वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहायला माणूस हवाय त्यासाठी मागतोय. दोघांनी दिले. ज्यांनी स्वतः धंदा उभा केलाय त्यांना हे लवकर कळतं, असा माझा अनुभव.

पहिल्या वर्षी अंदाजपत्रकात नव्या माणसाच्या नावावर एक पैसाही जमेला धरू नका. आला तर आनंद. पण जमेला धरला की सहाव्या महिन्यापासून प्रत्येक बैठकीत 'किती आले?' सुरू होतं आणि माणूस घाईघाईत चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

प्रतिसाद ३

थोडं कडू लिहिते, राग मानू नका.

तुम्ही 'समन्वयक' नेमताय की 'पैसे आणणारा माणूस'? या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. समन्वयकाने नोंदी ठेवायच्या, पावत्या आणि आभाराची पत्रं वेळेवर पाठवायची, प्रस्तावांच्या तारखा सांभाळायच्या, अहवाल लिहायचे, कुणाला कधी भेटायचं ते आखायचं. मोठ्या देणगीदारासमोर बसून मागायचं काम मात्र विश्वस्तांचं आणि तुमचं. लोक संस्थेच्या माणसाला देतात, काल लागलेल्या नोकरदाराला नाही. बऱ्याच संस्था हुद्दा आणि पगार समन्वयकाचा देतात आणि अपेक्षा संचालकाची ठेवतात. मग माणूस टिकत नाही.

हे फक्त छोट्या संस्थांचं दुखणं नाही. २०१३ मध्ये कंपासपॉइंट आणि एव्हलिन अँड वॉल्टर हास ज्युनियर फंड या दोन अमेरिकी संस्थांनी तिथल्या २,७०० हून जास्त संस्थाप्रमुखांची आणि निधी संकलन प्रमुखांची पाहणी केली होती. निधी संकलन प्रमुखांपैकी निम्मे दोन वर्षांच्या आत नोकरी सोडायच्या विचारात होते. त्या अहवालाचं म्हणणं असं, की नुसता माणूस बदलून भागत नाही. संस्थेत नोंदी, यंत्रणा आणि मागण्याच्या कामात वाटा उचलणारी कार्यकारिणी नसेल तर पुढचाही जाईल.

म्हणून विचारते, त्या नऊ महिन्यांत कार्यकारिणीतले किती जण त्याच्याबरोबर देणगीदारांकडे गेले?

धागाकर्ती

राग कसला. मी जुनी डायरी काढून बसले. नऊ महिन्यांत दोन भेटी. दोन्हीला मीच गेले होते. बाकी सातजणांपैकी कुणीही एकदाही नाही. आणि त्याने तीनदा ईमेल करून प्रत्येकाकडून पाच-पाच नावं मागितली होती, ती कुणीच दिली नाहीत. मीही नाही दिली. 'देऊ, देऊ' करत राहिले.

हे लिहिताना वाईट वाटतंय. त्या मुलाला आम्ही नालायक ठरवून टाकलं होतं.

प्रतिसाद ४

वाईट वाटून घेऊ नका, पण डायरीतलं हे पान बैठकीत नक्की वाचून दाखवा. आता मुलाखतीचं सांगते, तो माझा विषय आहे.

बोलण्यावर जाऊ नका. हे काम बोलक्या माणसाचं आहे असा समज आहे, पण मी पाहिलेले उत्तम समन्वयक ऐकणारे होते, आणि नोंदींच्या बाबतीत काटेकोर. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. उमेदवाराकडून प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ही पुढच्या कामगिरीचा अंदाज देणाऱ्या सर्वांत चांगल्या पद्धतींपैकी एक ठरली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी कोणती पद्धत किती अचूक अंदाज देते ते आकडे फेरतपासले, बरेचसे खाली आणले, आणि सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत सगळ्यांत वर आली. म्हणजे दोन्ही करा. फक्त गप्पांच्या ओघात होणारी मुलाखत करू नका. तिच्यात गोड बोलणारा जिंकतो.

नमुन्यासाठी मी तीन कामं देते. पहिलं: नावं बदलून वीस देणगीदारांची मुद्दाम विस्कटलेली यादी एक्सेलमध्ये देते. एकच माणूस दोनदा, एकाची तारीख चुकलेली, एकीने 'फोन करू नका' लिहिलेलं. अर्ध्या तासात नीट करून द्या आणि यातल्या कुणाला आधी संपर्क कराल ते सांगा. ज्याला 'फोन करू नका' दिसत नाही तो मला चालत नाही. दुसरं: तीन वर्षं देऊन मग थांबलेल्या माणसाला पत्र लिहा. यात बहुतेक जण लगेच पैसे मागतात. जो आधी त्याच्या जुन्या पैशातून काय झालं ते सांगतो, त्याचं नाव मी बाजूला काढते. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्याकडच्या परिचारिकेबरोबर त्याला तासभर बसवा आणि नंतर विचारा, तू काय ऐकलंस? तिच्याकडे ज्या गोष्टी आहेत त्यांच्यावरच तुमचे प्रस्ताव उभे राहणार आहेत. तिच्याशी आदराने बोलता येत नसेल तर देणगीदाराशी बोलणं उपयोगाचं नाही.

कामं घरी करायला द्यायची असतील तर त्या वेळेचे पैसे द्या. आणि जे लिहून घ्याल ते त्याला न नेमता वापरू नका.

मुलाखतीतला एक ठरलेला प्रश्न: 'तुम्ही एखादी देणगी नाकारली किंवा परत केली आहे का? का?' उत्तर 'नाही' असलं तरी तो कसा विचार करतो ते कळतं. आणि जुन्या वरिष्ठांना फोन कराल तेव्हा 'किती आणले?' हे विचारू नका, विचारा की तो गेल्यावर त्याच्या नोंदी दुसऱ्याला समजल्या का.

सीएफआरई (सर्टिफाइड फंड रेझिंग एक्झिक्युटिव्ह) सारख्या निधी संकलनाच्या प्रमाणपत्राची अट घालू नका, ते अनुभवी लोकांसाठी आहे. समन्वयक शिकवून तयार होतो.

पहिल्या वर्षी रकमेऐवजी या गोष्टी मोजा: पावती आणि आभार किती दिवसांत जातात, गेल्या वर्षी दिलेल्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिले, थांबलेल्यांपैकी कितींशी बोलणं झालं, किती प्रस्ताव तारखेच्या आत गेले. जुना माणूस टिकवायला नव्या माणसाला शोधण्यापेक्षा कमी खर्च येतो, आणि तुमच्या यादीत तर थांबलेले दीडशेच्या वर आहेत. पहिलं वर्ष तिथेच घालवा.

धागाकर्ती

काल बैठक झाली. डायरीचं पान वाचलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग खजिनदार स्वतःच म्हणाले, टक्केवारी सोडा. त्यांनी मागितलं ते एवढंच, की पगाराची तरतूद झाल्याशिवाय जाहिरात नको. ते मान्य केलं. दोन देणगीदारांना भेटायला ते स्वतः येणार आहेत. यादीवाल्या व्यक्तीला नम्रपणे नाही कळवलं. सातही जणांनी पाच-पाच नावं लिहून दिल्याशिवाय आणि महिन्याला एक भेट कबूल केल्याशिवाय अर्ज मागवायचे नाहीत, हेही ठरलं. एका सदस्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, मला मागायला जमत नाही. त्यांनी भेटीऐवजी आभाराचे फोन करायचं घेतलंय. मला वाटतं तेही चालेल. तुमचं मत सांगा.

आणि मी त्या मुलाला फोन केला. माफी मागितली. तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, येत्या रविवारी येतो, देणगीदारांच्या नोंदी कशा ठेवायच्या ते तुम्हाला कागदावर काढून देतो. त्या वेळेचे पैसे देणार आहोत, तो नको म्हणाला तरी.

जाहिरातीतला हा परिच्छेद बघून सांगाल का?

'आम्हाला देणगीदारांशी संस्थेचं नातं सांभाळणारा समन्वयक हवा आहे. काम: नोंदी, पावत्या, आभार, प्रस्ताव, अहवाल आणि भेटींचं नियोजन. देणगी मागायला कार्यकारिणीचे सदस्य तुमच्याबरोबर येतील. पगार ठरलेला आहे, तो खाली लिहिला आहे, पुढच्या १८ महिन्यांची त्याची तरतूद झालेली आहे. टक्केवारी नाही. मागच्या संस्थेतल्या देणगीदारांची नावं आम्ही विचारणार नाही. याआधी या जागेवरची व्यक्ती नऊ महिन्यांत गेली. त्यात आमची चूक कुठे झाली ते मुलाखतीत आम्ही आधी सांगू.'

शेवटची दोन वाक्यं ठेवावीत असं मला वाटतं, अध्यक्षांना ती नको आहेत. अर्ज करणाऱ्याच्या जागी तुम्ही असाल तर ती वाचून याल की मागे फिराल?

प्रतिसाद १

मी आलो असतो. फक्त 'चूक कुठे झाली' याच्यापुढे 'आणि आता काय बदललं आहे' एवढं घाला. अध्यक्षांचीही हरकत बहुधा राहणार नाही. आणि ज्यांना मागायला जमत नाही त्या सदस्यांना आभाराचे फोन करू द्या, देणगी आल्यापासून दोन दिवसांच्या आत. पहिला फोन त्या आजींना.