‘प्रीक्वेल’ला मराठीत काय म्हणावं?

शहापूर, बेळगावहून प्रश्न

एका शब्दावरून आमच्या घरात अडलंय. सीक्वेल म्हणजे मूळ गोष्टीच्या पुढचं, आणि प्रीक्वेल म्हणजे मूळ गोष्टीच्या आधी घडलेलं, पण रचलेलं तिच्यानंतर. भाचा आणि मी मिळून ‘एलियन: अर्थ’ (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) ही मालिका बघितली. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली, आठ भागांची. अंतराळयानात शिरलेल्या परग्रहावरच्या जीवघेण्या प्राण्याचा मूळ ‘एलियन’ चित्रपट 1979 चा आणि त्यातली गोष्ट 2122 सालची. ही मालिका घडते 2120 मध्ये, म्हणजे दोन वर्षं आधी. आई भाकरी थापता थापता तशाच पिठाच्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, “हे त्या जुन्या पिक्चरच्या पुढचं काय?” भाचा म्हणाला, “नाही गं आज्जी, मागचं.” आईनं लगेच विचारलं, “मागचं म्हणजे मागनं काढलेलं, की मागं घडलेलं?”

आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण दोन्ही खरंच होतं.

तेव्हापासून ‘मागे’ हा शब्द डोक्यातून जात नाही. ‘मागे एकदा पूर आला होता’ म्हटलं की काळ उलटा जातो. ‘तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येतो’ म्हटलं की तोच शब्द नंतरचा होतो. ‘मागोमाग’ तर सरळ पाठोपाठ. मग ‘मागची गोष्ट’ म्हणजे प्रीक्वेल की सीक्वेल? मला असा शब्द हवाय की आईला पुन्हा विचारावं लागणार नाही.

खानापूरहून

ताई, ‘पूर्वकथा’ आहे की. सोपा, सगळ्यांना कळणारा.

निपाणीहून

‘पूर्वकथा’ चालेल खरं, एक अडचण आहे. मासिकांतून क्रमशः कादंबऱ्या यायच्या तेव्हा नव्या हप्त्याच्या डोक्यावर चौकटीत ‘पूर्वकथा’ असायची. तिचा अर्थ ‘आतापर्यंत काय झालं’. आमच्याकडच्या बांधीव अंकांत अजून आहेत त्या चौकटी. वाचणाऱ्याला सारांश वाटेल, वेगळी निर्मिती वाटणार नाही.

(पुण्याकडच्या वाचकांसाठी: वरचं ‘खरं’ म्हणजे आमचं ‘पण’. आमच्या भागात ते तसंच बोलतात.)

चिकोडीहून

आमच्यात कन्नड-मराठी दोन्ही चालतं. माझे मित्र सरळ ‘हिंदिन कथी’ म्हणतात. हिंदिन म्हणजे मागची, आधीची. त्यांचं तेवढ्यावर भागतं.

अनगोळहून

‘पूर्वरंग’ कसा वाटतो? कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंग.

खानापूरहून (दुसरे, निवृत्त शिक्षक)

पूर्वरंग नको. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण असतं, आख्यान लागतं ते उत्तररंगात. म्हणजे पूर्वरंगात कथेची आधीची घटना नसतेच. संस्कृत नाटकातही पूर्वरंग म्हणजे नाटक सुरू होण्यापूर्वीचे मंगल विधी. दोन्हीकडे तो आधी सादर होतो, आणि प्रीक्वेल तर नंतर सादर होतो.

माझं मत ‘पूर्वपीठिका’ला. त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो. दंडी या संस्कृत लेखकाचं ‘दशकुमारचरित’ घ्या. दंडीचा म्हणून जो मूळ भाग आज आपल्या हाती आहे त्यात आठ उच्छ्वास, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि तो मधूनच सुरू होतो, सुरुवात हरवलेली. म्हणून पुढच्या काळात दुसऱ्या कुणीतरी सुरुवातीचा भाग लिहून त्याला जोडला. त्या जोडलेल्या भागाचं नाव पूर्वपीठिका. लिहिला नंतर, बसवला आधी! आणि अभ्यासकांनी दाखवून दिलंय की त्यातले काही तपशील मूळ भागाशी जुळत नाहीत. तुमचे मालिकावाले रसिक आज ज्यावरून भांडतात, ते दुखणं या शब्दाच्या पोटातच आहे.

शहापूरहून (प्रश्नकर्ती)

गुरुजी, हे वाचून अंगावर काटा आला. भांडण अगदी हेच चाललंय.

‘एलियन: अर्थ’वर चाहत्यांची पहिली तक्रार हीच: 2120 मध्ये अख्खं अंतराळयान पृथ्वीवर, शहरात कोसळतं, त्यातून ते प्राणी बाहेर पडतात, मग दोन वर्षांनी 2122 मध्ये मूळ चित्रपटातल्या नॉस्ट्रोमो यानाच्या माणसांना त्याचा गंधही कसा नाही? आणि 2012 च्या ‘प्रोमिथियस’ या प्रीक्वेल चित्रपटानं त्या प्राण्यांच्या उगमाची जी कथा सांगितली होती, ती मालिकेचे कर्ते नोआ हॉली यांनी बाजूला ठेवली. म्हणजे दोन प्रीक्वेल, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

पण एका बाबतीत मी हॉलींच्या बाजूनं आहे. यानाच्या आतल्या खोल्या त्यांनी 1979 च्या चित्रपटासारख्याच ठेवल्यात. जाड काचेचे फुगीर पडदे, त्यांवर हिरवी अक्षरं, बोटानं दाबली की खट् वाजतील अशी बटणं. 2120 साल असलं तरी मोबाइलसारखा गुळगुळीत पडदा तिथे नाही. यान दिसताक्षणी भाचा ओरडला, “मावशी, हे तर तेच!” जुन्या चाहत्यांनाही हेच फार आवडलं. आधीच्या काळाची गोष्ट सांगताना त्या घराची जुनी भांडी वापरली, याला मी मान म्हणते.

याच्या उलट ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ला 2017 मध्ये झालं. गोष्ट मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या दहा वर्षं आधीची आणि उपकरणं मात्र कर्कच्या यानापेक्षा कितीतरी नवी. माणसाची हवेत उभी राहणारी प्रतिमा बघून जुने चाहते भडकले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

निपाणीहून

‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहावरच्या क्लिंगॉन लोकांचं कपाळ विसरलात ताई! 1960 च्या दशकातल्या मालिकेत सपाट, 1979 च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात एकदम हाडांच्या वळ्या. कित्येक वर्षं कुणी कारण दिलं नाही. 1996 मध्ये एका भागात एका क्लिंगॉनच्याच तोंडी घातलं की आम्ही हे बाहेरच्यांपाशी बोलत नाही. शेवटी 2005 मध्ये ‘एंटरप्राइझ’ या प्रीक्वेलनं जनुकांच्या प्रयोगातून पसरलेल्या विषाणूचं कारण दिलं. मग ‘डिस्कव्हरी’नं पुन्हा चेहरे बदलले. असं मागाहून कारण जोडण्याला चाहते ‘रेटकॉन’ म्हणतात. त्याला शब्द सुचवा.

चिकोडीहून

फेरफार. जमिनीच्या कागदात करतात तसा. कब्जा आधीच बदललेला असतो, नोंद मागनं होते.

येळ्ळूरहून

‘पूर्वपीठिका’ चांगला आहे, फक्त आमच्या कानाला तो अडकतो. लहानपणापासून सभेत, पत्रकात ‘सीमाप्रश्नाची पूर्वपीठिका’ ऐकतोय. 1 नोव्हेंबर 1956 पासून सुरू होते ती. त्या शब्दाबरोबर वडिलांच्या काळ्या फितीची आठवण येते. त्याचा अर्थ आमच्यासाठी ‘पार्श्वभूमी’, आणि तो तसाच राहावा असं मनापासून वाटतं.

दुसरं असं की आमच्या घरात एक काका माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. आज्जीचं शेंडेफळ. शाळेत मी त्याला हाताला धरून नेलंय, खरं लग्नात पाया मीच पडलो. वयानं लहान, नात्यानं मोठा. प्रीक्वेल मला तसा वाटतो. जन्मला मागनं, पण मान आधीचा. आणि असा काका घरात कसा वागतो यावर सगळं असतं. आमचा कधी “मी मोठा” म्हणून माझ्यावर ओरडला नाही, म्हणून निभावलं.

अनगोळहून

हे फार आवडलं. ‘एलियन: अर्थ’वरचं माझं म्हणणं हेच होतं, मला सांगता येत नव्हतं.

खानापूरहून (निवृत्त शिक्षक)

येळ्ळूरकरांचं म्हणणं मान्य. ज्या शब्दात आपल्या माणसांच्या आयुष्याचा लढा आहे, तो मालिकेसाठी ओढून आणायला नको. पूर्वपीठिका मी मागे घेतो.

(पाहा, हे ‘मागे घेतो’ आणखी तिसरंच!)

शहापूरहून (प्रश्नकर्ती)

काल आईला सगळं वाचून दाखवलं. दंडीचं ऐकून ती म्हणाली, “म्हणजे जुनीच खोड.” धाकट्या काकाचं ऐकून मात्र तिला तिच्या माहेरचे असे दोन काका आठवले, आणि तासभर तीच गोष्ट चालली.

लिहिताना मी ‘पूर्वकथा’ वापरणार आहे. निपाणीकरांची चौकट खरी आहे, पण तसे हप्ते आता फार थोडे राहिलेत, आणि ‘एलियनची पूर्वकथा’ असं मूळ कथेचं नाव पुढे लावलं की सारांशाचा घोळ होत नाही. पहिल्या उल्लेखाला ‘मागाहून रचलेली पूर्वकथा’ असं लिहीन, म्हणजे दोन्ही काळ त्यात येतील. ‘रेटकॉन’ला फेरफार पक्का, त्याच्याहून नेमका शब्द मला सापडणार नाही.

‘प्रीक्वेल’ हा इंग्रजी शब्दही विज्ञानकथेच्याच घरात जन्मला, हे मला या निमित्तानं कळलं. तो पहिल्यांदा छापला गेला 1958 मध्ये, अँथनी बाउचर यांच्या लेखात, जेम्स ब्लिश यांच्या एका विज्ञानकथेविषयी. पुढे त्याच ब्लिश यांनी ‘स्टार ट्रेक’च्या भागांच्या कथा पुस्तकरूपात लिहिल्या.

भाच्यानं मात्र घरात बोलायला वेगळाच शब्द धरलाय. सकाळी त्यानं मित्राला फोनवर सांगितलं, “1979 चा आधी बघ, मग त्याचा धाकटा काका बघ.” पलीकडच्याला कळलं नाही. त्याला येळ्ळूरची गोष्ट सांगितली, आणि मग कळलं.