मदत हवी आहे: ॲपल क्रंबलचा वरचा थर ओला राहतो, तळाला पाणी सुटतं

मोगरा_दादर
शनिवारी आठ माणसांसाठी ॲपल क्रंबल (सफरचंदाच्या फोडींवर मैदा, बटर, साखरेचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ) करायचं आहे. सध्याचं प्रमाण असं: 1 किलो लाल डेलिशियस सफरचंदं, त्यात 120 ग्रॅम साखर आणि दालचिनी. वरच्या थराला मैदा 150 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम (बाहेर ठेवून मऊ केलेलं), साखर 100 ग्रॅम. ओटीजीत (वर-खाली तापणारे रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन) 180 अंशांवर 30 मिनिटं. वरचा थर बिस्किटासारखा सलग जमतो, त्याची खालची बाजू कच्च्या कणकेसारखी लागते आणि भांड्याच्या तळाला पाणी साचतं. मैदा वाढवला तर निभावेल का? कृपया नेमकं सांगा.

खमंग
मैदा वाढवू नका, नुसता पिठूळपणा वाढेल. खरी अडचण मऊ बटरची आहे. मऊ बटर मैद्यात पूर्ण मिसळून त्याचा गोळा होतो. थंड बटरचे छोटे तुकडे मात्र पिठात सुटे राहतात, म्हणून थर भुसभुशीत होतो. मुंबईच्या स्वयंपाकघरात बटर हातातच वितळायला लागतं, तेव्हा एवढं करा:

बटर 85 ग्रॅम पुरे. त्याचे सेंटिमीटरभर तुकडे करून 15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मैदा 150 आणि साखर 75 ग्रॅम एकत्र करून परातीसकट फ्रीजमध्ये गार करा. मग फक्त बोटांच्या टोकांनी चोळा, तळहात लावू नका. जाड रव्यासारखं दिसू लागलं आणि मध्ये मध्ये हरभऱ्याएवढ्या गाठी राहिल्या की थांबा. त्या गाठीच पुढे कुरकुरीत होतात. हा चुरा पुन्हा 20 मिनिटं फ्रीजरमध्ये. सफरचंदावर सैल पसरा, दाबू नका. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

पाटावरवंटा
चुऱ्याचं खमंग यांनी सांगितलंच आहे, पण पाण्याचा बंदोबस्त केला नाहीत तर उत्तम चुराही खालून भिजेल. सफरचंदात साधारण 85 टक्के पाणी असतं, साखर ते बाहेर ओढते आणि त्याची वाफ वरच्या थरात शिरते. शिवाय लाल डेलिशियस शिजल्यावर पिठूळ होतं आणि त्याला आंबटपणाही कमी. निम्मी ग्रॅनी स्मिथ, म्हणजे हिरवी आंबट सफरचंदं घ्या. ती महाग पडतात, पण फोड टिकते.

2 सेंमी फोडी करा. पसरट कढईत 60 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, 6-7 मिनिटं परता. फोडी कडेनं मऊ, मधे घट्ट हव्यात. उतरवल्यावर दालचिनी आणि 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घाला. पूर्ण गार झाल्याशिवाय वर चुरा घालू नका. गरम फोडींवर बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं, इतकं थंड केलेलं सगळं वाया.

मोगरा_दादर
दोघांनाही धन्यवाद! ओटीजीचे रॉड कसे लावू? आणि ओट्स घातले तर चालतील?

खमंग
ओटीजी आधी 10 मिनिटं तापवा. दोन्ही रॉड, मधला कप्पा, 180 अंश, 40 ते 45 मिनिटं. 30 मिनिटं कमीच होती. घड्याळापेक्षा भांड्याची कड पाहा: रस जाडसर बुडबुड्यांनी उकळताना दिसला पाहिजे, कारण कॉर्नफ्लोअर उकळल्याशिवाय नीट दाट होत नाही. रंग कमी वाटला तर शेवटी 5 मिनिटं फक्त वरचा रॉड, आणि तिथून हलू नका. ओट्स 40 ग्रॅम, तेवढाच मैदा कमी. रोल्ड घ्या, इन्स्टंटचा लगदा होतो.

पाटावरवंटा
ओट्सऐवजी दोन मोठे चमचे जाडा रवा घालून बघा, मला तो कुरकुरीतपणा जास्त आवडतो.

आठ जणांसाठी सगळं दीडपट करा आणि पसरट भांडं घ्या, खोल भांड्यात वाफ कोंडते. चुरा शुक्रवारीच करून फ्रीजरमध्ये, फोडी फ्रीजमध्ये. शनिवारी फक्त रचून भाजायचं. फोडी फ्रीजमधून आल्या असतील तर 5 मिनिटं जास्त धरा. भाजल्यावर 15 मिनिटं थांबून वाढा, तेवढ्यात रस आळतो. गरम असताना झाकण अजिबात नको. उरलेलं ओटीजीत 160 अंशांवर 15 मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये चुरा लोळागोळा होतो. कोणी अंडं खात नसेल तर सोबत कस्टर्ड पावडरचं कस्टर्ड चालेल, ती मुख्यतः कॉर्नफ्लोअरच असते. कस्टर्ड वाटीत वेगळं द्या, वरून ओतून ठेवू नका.