पायवाट आराखड्यातून वगळावी काय?

ओढ्याकाठचा: ग्रामविकास आराखड्यात ट्रॅक्टर जाईल एवढेच पाणंद रस्ते धरावेत आणि वापरात नसलेल्या पायवाटा सोडून द्याव्यात, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले. ते वाचून राहवले नाही. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला 16.5 ते 21 फुटांचा गाडीमार्ग जितका सार्वजनिक, तितकाच एकेरी तुटक रेषेचा 8.25 फुटांचा पायमार्गही सार्वजनिक आहे. आमच्या वस्तीवरची मुले अशाच वाटेने वीस मिनिटांत शाळेत पोहोचत. तिच्यावर तारेचे कुंपण पडले आणि आता तीच मुले उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने पाऊण तास चालतात. वाट वापरात नाही, कारण ती अडवली आहे.

डाळिंबवाला: ते मत माझेच आहे आणि मी ते बदलत नाही. आमच्या सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही, तरी बागेच्या मधोमध माणसे चालत. मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची किमान रुंदी 3 ते 4 मीटर धरली, ती यंत्रांसाठीच. शेतमाल डोक्यावरून नेण्याचे दिवस गेले.

माळावरची: रुंद रस्त्याने काय होते ते मी पाहिले आहे. आमच्या पाणंदीत जेसीबी आला आणि दोन्ही बाजूंच्या बाभळी, करवंदी, निर्गुडी एका दिवसात गेल्या. खुरपणीहून परतणाऱ्या बायकांना आता टेकायला सावली नाही.

डाळिंबवाला: सावलीचे कौतुक करणाऱ्यांनी भर पावसात त्या चिखलातून चालून पाहावे. माझ्या आईला साप चावला तेव्हा वस्तीवर गाडी येऊ शकली नाही आणि आम्ही तिला बाजेवर घालून मुख्य रस्त्यापर्यंत नेले. ती वाचली, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

माळावरची: आपल्या आईंचे वाचून वाईट वाटले, परंतु झाडे रस्त्याच्या आड आली होती, हे मला मान्य नाही. पाणंद नकाशावर 21 फूट आणि जागेवर जेमतेम 12 होती, कारण दोन्ही बांध आत सरकले होते. मोजणी केली असती तर अतिक्रमण निघाले असते. ती झाली नाही, आणि ज्यांच्या वतीने हरकत घेणारे कोणी नव्हते ती झाडे तेवढी गेली.

वहिवाटदार: नेमका हाच अनुभव पायवाटेचा आहे. जमीन महसूल संहितेचे कलम 143 बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे. वहिवाटीच्या वाटेवरील अडथळ्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली 6 महिन्यांच्या आत जावे लागते. आम्हाला नकाशाची प्रत मिळेपर्यंतच ती मुदत उलटली. म्हणून वाट अडण्यापूर्वीच तिची नोंद आराखड्यात हवी.

डाळिंबवाला: मोजणी आधी व्हावी, एवढे मान्य करतो. वाट बांधाकडेने वळवणार असाल, तर कुंपणाला फाटक ठेवीन. बागेतून मात्र नाही.

ओढ्याकाठचा: बांधाकडेने चालेल, पण तोंडी नको. नवी वाट रुंदीसह ग्रामसभेच्या ठरावात आणि आपल्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवली जाईपर्यंत जुनी रेषा आम्ही सोडणार नाही.