जुनी डिझेल पिकअप : ठेवायची की काढायची? अनुभव सांगा

पारडीवाला
काल नागपूरला पारडी चौकात आमची जुनी पिकअप दिसली. नंबरप्लेट वाचायची गरजच पडली नाही, डाव्या फालक्यावरचं ते वेडंवाकडं वेल्डिंग अजून तसंच आहे. २००६ चं मॉडेल. २०१९ मध्ये विकली तेव्हा आमचा मिस्त्री म्हणाला होता, घेणाऱ्याचं नशीब असलं तर वर्षभर चालेल. काल तिच्यात मिरचीची पोती गच्च भरलेली, आणि सिग्नल सुटल्यावर माझ्या आधी निघून गेली. घरी येऊन सांगितलं तर बाबांनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "सेल्फवर चालू होते का अजून?"

मग झोपेपर्यंत तोच विषय. सध्या आमच्याकडे २०१४ ची कॉमन रेलवाली (जास्त दाबाने डिझेल सोडणारं नव्या पद्धतीचं इंजिन) आहे. मागच्या महिन्यात इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) आणि पंपाचं काम निघालं, बिल ६० हजारांच्या पुढे. जुनी गाडी सारखी गॅरेजात असायची, पण एवढा आकडा तिने एका दमात कधी मागितला नाही. तुम्ही लोकांनी काय केलं? कुठवर खर्च करत राहिलात आणि कधी म्हणालात की बस? कंपन्यांची नावं नका लिहू, मागच्या धाग्यासारखी मारामारी नको.

काटोलचा_बागवाला
बिलाचं काय घेऊन बसले भाऊ, माल उशिरा पोचला त्याचं बोला ना. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा, थंडीचे दिवस, अन् फेटरीच्या अलीकडे गाडी फुस्स. फिल्टरमधी पाणी. हातपंप मारून मारून अंगठा सुजला पण डिझेलच्या नळीतली एअर काही निघेना. शेवटी दुसरी गाडी बोलावून अंधारातच क्रेट पलटी केले. कळमन्याच्या मार्केटात पोचलो तं आमच्या अडत्याकडचा लिलाव उरकून गेल्ता. फिल्टर पाचशेचा. भावात जे मार खाल्ला त्यात क्लचचं काम होऊन वर टायर आले असते.

गंजका_नट
माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं रोज बघतो. जुन्या गाडीत पंप-नोझल सगळं मेकॅनिकल. डिझेल थोडं घाण असलं तरी गाडी खोकत खोकत घरी पोचते. नोझल काढा, टेस्टिंगला टाका, टीप बदला, काही हजारांत काम होतं. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बारच्या दाबाने इंजेक्टरात जातं आणि आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या. तिथे पाणी किंवा बारीक कचरा गेला की संपलं. नवा इंजेक्टर १५ हजारांच्या आसपास धरा, गाडीप्रमाणे खालीवर. एक गेला की मिस्त्री म्हणतो चारही बदला.

चारही बदलायच्या आधी रिटर्न टेस्ट करून मागा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावतात, इंजिन चालू ठेवतात, ज्याची बाटली बाकीच्यांच्या आधी भरते तो गेलेला. जास्त वेळ लागत नाही. जिथे "त्याची काही गरज नाही" म्हणतात तिथून गाडी काढून आणा. आणि डिझेलमधलं पाणी अडवणाऱ्या वॉटर सेपरेटरची खालची टोटी आठवड्यातून एकदा उघडून पाणी सोडा, त्याला पैसे पडत नाहीत.

पारडीवाला
आमच्याकडे बाटलीबिटली काही लावली नाही हो. सरळ चारही.

गंजका_नट
जुने चार परत घेतले का? रिपेअर होतात, नाही तर विकले जातात.

पारडीवाला
उद्या जातो मागायला.

काटोलचा_बागवाला
गेले ते आता :)

कुकरची_शिटी
कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आमची २०१२ ची, बुटीबोरीला एमआयडीसीचं ठरलेलं भाडं आहे. चालवतात हे, वही माझ्याकडे. गेल्या आर्थिक वर्षात क्लच-प्रेशर प्लेट मजुरीसकट साडेनऊ हजार, मागचे टायर, एका बाजूचे स्प्रिंगचे पाटे, ब्रेक लायनर, सेल्फचं काम, पासिंगच्या (आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या) आधी डेंटिंग-रंग आणि रिफ्लेक्टर पट्ट्या, सगळं धरून ९० हजारांच्या आत बसलं. यात ऑइल-फिल्टर आहे, विमा नाही. नव्या गाडीची चौकशी केली होती, डाउन पेमेंट भरूनही हप्ता महिन्याला २० हजारांच्या वर. म्हणजे वर्षाचे अडीच लाख. त्यामुळे सध्या तरी जुनीच.

पण हप्त्याची तारीख आधी कळते. क्लच बरोबर दिवाळीच्या तोंडावर जातो आणि कंपनीवाला त्या दिवशी दुसऱ्याची गाडी लावतो. ते भाडं बुडालं ते मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते, हे ते पान उघडत नाहीत.

झाल्या शिट्ट्या.

डाला_भरके
वहिनी तुमच्या वहीचा फोटो टाका, आमच्या घरी दाखवतो.

कुकरची_शिटी
मुळीच नाही.

मधला_गिअर
मी मालक नाही, ड्रायव्हर. मालक लोक हिशेब सांगून राहिले म्हणून आमचंही ऐका. जुन्या गाडीत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असते. ते कमजोर झाली की ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, पेडल दगडासारखी. सौसरच्या पुढे सिलेवानीचा घाट, गाडीत सिमेंट, अन् उतारावर पेडल दबेना. सेकंड गिअर टाकून, हँडब्रेक ओढत ओढत खाली आणली. मालकाले आठवड्याभरापासून सांगून राहिलो होतो की ब्रेक जड लागते. तो म्हणे तुझ्या पायात जोर नाही. पंप दुरुस्त करायले किती लागले? दीड हजार. दुसऱ्याच महिन्यात नोकरी सोडली मी तिथली.

गाडी किती जुनी ते नका पाहू. मालक ड्रायव्हरचं ऐकते का ते पहा.

काटोलचा_बागवाला
खरं आहे भाऊ. सांभाळून राहा.

भिवापूरची_लेक
पारडीवाले दादा, त्या गाडीत मिरची कुठची होती? पोत्यावर काही लिहिलेलं?

पारडीवाला
ताई, सिग्नलला उतरून विचारू का त्याला :) कळमन्याकडे चालली होती एवढंच कळलं.

भिवापूरची_लेक
आमच्याकडची असेल तर जपून न्यायला हवी ना, म्हणून विचारलं. भिवापुरी मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण बाजारात त्या नावाने काहीही खपवतात. बाबा अजून थोडी लावतात, घरापुरती. असो, धागा गाड्यांचा आहे.

डाला_भरके
ताई घरापुरतीतली एक किलो इकडे पण.

बोअरचं_पाणी
ह्याच्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्या इंजिनापायी नाही, पाण्यापायी मरतात. मे महिन्यात ४५ अंशांत रेडिएटरात लोक बोअरचं पाणी ओततात. क्षार बसतात, जाळी आतून बुजते, आणि बाहेरून कापसाचे तंतू आणि धूळ. मग हीट काटा वर, इंजिनाचं वरचं हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं. ओळखायचं कसं? थंड गाडीचं रेडिएटर झाकण उघडून (गरम गाडीचं कधीच नाही, माझ्या मावसभावाचा चेहरा भाजलाय) इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे येत राहिले तर गॅस्केटवर संशय घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, गाडी तिथेच बंद करा, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.

हेड फेसिंग, गॅस्केट, मजुरी धरून माझे १५ हजार गेले. कूलंटचा डबा हजारात येतो.

हातमाग_गल्ली
आमचे काका दर शंभर लिटर डिझेलला अर्धा लिटर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाकतात, जुन्या पंपाला गुळगुळीत राहतं म्हणे. खरंच फरक पडतो का? नवीन डिझेल कोरडं आहे असं सगळेच म्हणतात.

गंजका_नट
२०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस सहाचं (प्रदूषणाच्या नव्या निकषांचं) डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच. गंधक काढताना वंगण कमी होतं हे खरं, पण ते भरून काढायला रिफायनरीतच अ‍ॅडिटिव्ह टाकतात. जुन्या मेकॅनिकल पंपवाल्याने टाकलं तर धूर थोडा वाढेल, एवढंच. बीएस सहाच्या गाडीत चुकूनही नको, सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारी जाळी असते ती लवकर भरते.

हातमाग_गल्ली
काकांना सांगितलं. ते म्हणाले दुकानदाराचं काय ऐकायचं.

गंजका_नट
काकांना नमस्कार सांगा.

खाकी_फाइल
कागदांचं मी सांगतो. व्यावसायिक गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण करही आहे. वरच्या ताईंनी पासिंगचा खर्च धरला तो बरोबर केला, बरेच लोक तो विसरतात आणि मग "गाडी काहीच खात नाही" म्हणत फिरतात. फिटनेस संपलेलं असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे लक्षात ठेवा.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, ही अफवा आहे. ते बंधन १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना आहे. तुमची फिटनेसमध्ये पास झाली तर चालते. दिल्लीचा १० वर्षांचा डिझेलचा नियम तिथल्या राजधानी क्षेत्रापुरता, इथे नाही. अधिकृत भंगार केंद्रात दिली तर जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, नवीन गाडी घेताना त्यावर रोड टॅक्समध्ये सवलत असते. रस्त्यावरच्या कबाड्याला विकलीत तर ते नाही मिळत, आणि नोंदणी रद्द केली नाही तर चलान तुमच्याच नावावर येत राहतात.

डाला_भरके
सरळ सीएनजी घ्या ना बे सगळे. कटकटच नाही.

मधला_गिअर
नागपुरात? २०२२ मध्ये १२० रुपये किलो झालता, डिझेलपेक्षा महाग. तेव्हा घेणारे अजून रडून राहिले. वर रांगेत थांबायचं.

डाला_भरके
बरं बाबा. बैलगाडी घेतो.

माहेर_सावनेर
आमच्या सासऱ्यांची २००३ ची शेतात उभी आहे. इंजिन बसलं तेव्हा मिस्त्री म्हणाला फुल इंजिन काम, बोअर-पिस्टन-क्रँक सगळं, ७० हजार. गाडीची किंमतच तेवढी नव्हती. विकू देत नाहीत. मागच्या डाल्यात कोंबड्या बसतात, रोज अंडी मिळतात. भाडं म्हणायचं तर तेच.

बोअरचं_पाणी
इंजिन बसायच्या आधी काही सांगत नव्हतं का?

माहेर_सावनेर
निळा धूर मारायची आणि ऑइल प्यायची. ऑइलचं झाकण उघडलं की आतून धूर भकाभक. सगळ्यांना दिसत होतं. पण तेव्हा मृग बहाराचा संत्र्याचा माल निघत होता, कोण उभी ठेवतो गाडी.

समृद्धी_सुसाट
माझा अनुभव टायरचा. गाडी ठणठणीत, २०१३ ची, शिवमडक्यावरून समृद्धीला लागलो. काँक्रीटचा सरळ रस्ता, भर दुपार, मागे रिमोल्ड टायर (जुन्यावर नवं रबर चढवलेले) आणि माल ठासून. वर्ध्याच्या अलीकडे मागचा फुटला. देवाची कृपा, पुढचा नव्हता. शहरात ४० च्या वेगाने जे टायर वर्षभर निघतात ते तिथे तासाभरात जातात. हवा थंड टायरवर चेक करा आणि त्या रस्त्यावर रिमोल्ड घालून जाऊच नका.

गंजका_नट
आणि पाटे वाढवून दीड टनाच्या गाडीत तीन टन भरणारे तर रोज येतात माझ्याकडे. पाटे वाढवल्याने चासी मजबूत होत नाही. जोर मग हबच्या बेअरिंगवर, एक्सलवर आणि चासीच्या जोडावर जातो. फालक्याच्या खाली चासीला तडे गेलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घेताना खाली वाकून टॉर्च मारा, ताजा काळा रंग दिसला तर आधी तो खरवडून बघा.

पारडीवाला
बरं झालं हे लिहिलं. समोरच्या गल्लीतला एकजण आमची विकत मागतोय, २ लाख ३० म्हणतो. बाबा म्हणतात आताच एवढं काम केलंय तर अजून दोन वर्षं ओढू. मलाही तेच वाटू लागलंय, इंजेक्टर नवीन, क्लच मागच्या वर्षीचा. टर्बोचा आवाज तेवढा थोडा शिट्टीसारखा येतो.

बोअरचं_पाणी
आधी इंटरकुलरचे (टर्बोची हवा गार करतो त्याचे) पाइप आणि क्लॅम्प बघा, हवा निसटत असली की असाच आवाज येतो. रबरी पाइप काही शेकड्यांत येतो. टर्बोच काढायला कोणी सांगितलं तर दुसरीकडे दाखवा. आणि लांबून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या.

कुकरची_शिटी
वाडीच्या बाजूला रेडिएटरची जाळी बदलून देणारा चांगला माणूस कोणाला माहीत आहे का? वरचं वाचून ह्यांना आताच झाकण उघडायला लावलं, आत सगळा गंज. नवीन नको, महाग सांगतात.

मधला_गिअर
ताई, व्यनि (खासगी निरोप) केला. सकाळी लवकर जा, दुपारी तो जेवायले गेला की चारपर्यंत येत नाही.