गुडघ्याची झीज : ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर शॉक वेव्ह उपचार घ्यावेत का?

माझ्या आईचे वय ६४ असून ती तासगावजवळ राहते. मिरजेच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून उजव्या गुडघ्याची झीज तिसऱ्या श्रेणीची असल्याचे सांगितले. सांध्यातली फट कमी झाली आहे आणि हाडाच्या कडाही वाढल्या आहेत. ऑपरेशनची घाई नको, वजन कमी करा आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सोडू नका, असा त्यांचा सल्ला आहे. व्यायाम ती नेमाने करते, पण भाकरी थापून उठताना अजूनही एक हात जमिनीला आणि दुसरा भिंतीला टेकवावा लागतो.

सांगलीतील एका उपचार केंद्राने आता शॉक वेव्हचा कोर्स सुचवला आहे. मूतखडा फोडण्यासाठी १९८० पासून वापरात असलेल्या आघातलहरींचाच हा सौम्य प्रकार आहे, हे मला ठाऊक आहे. मात्र येथे त्या दुखऱ्या जागी न देता, वाटीखालच्या दोन खळग्यांत आणि वाटीपासून चार बोटे खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या झूसानली या ॲक्युपंक्चरच्या बिंदूवर, म्हणजे सुईऐवजी लहरींनी दाब देऊन देणार आहेत. त्याने वेदना कमी होत असतील तर आनंदच आहे. परंतु कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पुन्हा भरून येते हा त्यांचा दावा मला पटत नाही, कारण माणसाच्या गुडघ्यात तसे होते हे सिद्ध झालेले नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आईला स्टेंट बसवलेला असून रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिची क्लोपिडोग्रेल चालू आहे. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना या लहरी जपून द्याव्या लागतात, असे असताना केंद्रात मात्र "आदल्या दिवशी गोळी घेऊ नका" एवढेच सहज सांगण्यात आले. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आम्ही ती गोळी एक दिवसही बंद करणार नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे : अशी गोळी चालू असताना कोणी हा उपचार घेतला आहे का, आणि नंतर त्या जागी काळे-निळे डाग पडले का? बिंदूंवर लहरी दिल्याने सांध्याच्या दुखऱ्या कडेवर देण्यापेक्षा अधिक आराम पडला का, आणि तो किती काळ टिकला? मशीन रेडियल होते की फोकस्ड (लहरी आत एका जागी एकवटणारे), हेही लिहावे, कारण रेडियल लहरींचा जोर त्वचेजवळ सर्वाधिक असतो आणि खोलवर कमी होत जातो. कोर्सचे पैसे आगाऊ भरायचे आहेत. त्यापूर्वी उत्तरे मिळाली तर ती हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवता येतील.