एग-मोर्त: समुद्रापासून दूर असलेले बंदर आणि शाबूत राहिलेला तट

वाटसरू (प्रश्न):
नमस्कार मंडळी. दक्षिण फ्रान्समधील एग-मोर्त या लहानशा गावाबद्दल जाणकारांना विचारायचे आहे. राजा नववा लुई १२४८ आणि १२७० साली धर्मयुद्धांसाठी येथूनच जहाजाने निघाला, असे सर्वत्र वाचायला मिळते. पण नकाशात पाहावे तर समुद्र काही किलोमीटर दूर आहे आणि मध्ये नुसती खाजणे व मिठागरे दिसतात. समुद्र मागे हटला असे समजायचे का? शिवाय युरोपातील कित्येक शहरांनी आपले जुने तट पाडून टाकले असताना येथील सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा तट सलग कसा राहिला?

शिलालेख:
समुद्र मागे हटल्याची समजूत बरीच रूढ आहे, परंतु ती खरी नाही. गाव तेव्हाही खाजणांच्या काठीच होते आणि समुद्राशी त्याचा संबंध कालव्यांवाटे येत असे. अशी अडचणीची जागा लुईने निवडली, कारण भूमध्य समुद्रावर त्याच्या हक्काचे एकही बंदर नव्हते. मार्सेय प्रोव्हान्सच्या काउंटच्या सत्तेखाली होते आणि मोंपेल्ये आरागॉनच्या राजाकडे. त्याने जवळच्या मठाकडून जमीन मिळवली, १२४६ च्या सनदेने रहिवाशांना करांत सवलती दिल्या आणि कॉन्स्टन्स नावाचा प्रचंड गोल बुरूज उभारला. तट मात्र त्याचा नव्हे. त्यासाठी जिनोवाच्या बोकानेग्राशी करार झाला तो १२७२ मध्ये, म्हणजे ट्युनिसजवळ लुईचे निधन झाल्यानंतर, आणि काम पूर्ण झाले ते त्याचा नातू चौथा फिलिप याच्या काळात.

तट टिकला याचे कारण माझ्या मते गावाच्या पडत्या काळातच आहे. कालवे गाळाने भरत गेले, १४८१ मध्ये प्रोव्हान्ससह मार्सेय फ्रेंच राजसत्तेखाली आले आणि राजाला या बंदराची गरज उरली नाही. व्यापार गेला, गाव तटाबाहेर फारसे वाढले नाही. मग तट पाडायचा कोणासाठी?

मुळाकाठ:
कॉन्स्टन्स बुरुजाविषयी थोडी भर घालतो, कारण त्याचा पुढचा इतिहास धर्मयुद्धांहून कितीतरी जवळचा वाटतो. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर येथे त्या पंथाच्या लोकांना डांबण्यात आले आणि पुढे तो मुख्यतः स्त्रियांचा तुरुंग झाला. मारी द्युरां ही तरुणी १७३० मध्ये येथे आली आणि १७६८ मध्ये सुटली. तिचा भाऊ गुप्तपणे धर्मोपदेश करीत असे. त्याला १७३२ मध्ये मोंपेल्ये येथे फाशी दिले. धर्म सोडते एवढे म्हटले असते तर तिची सुटका झाली असती, पण तिने ते अखेरपर्यंत म्हटले नाही. उलट सोबतच्या कैदी स्त्रियांसाठी मदत मागणारी पत्रे ती लिहीत राहिली. वरच्या दालनाच्या जमिनीत मधोमध एक गोल झरोका आहे. त्याच्या दगडी कठड्यावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एकच शब्द ओबडधोबड अक्षरांत कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असे परंपरेने मानतात. बुरुजात गेलात की त्या कठड्यापाशी अवश्य थांबा.

खाजणवाट:
तटाच्या दक्षिण बाजूने चालताना समोर गुलाबी पाण्याची मिठागरे आणि मिठाचे पांढरे ढीग दिसतात. अतिखारट पाण्यातील सूक्ष्म शैवालामुळे हा रंग येतो. प्रवासी त्याची छायाचित्रे काढतात, परंतु तेथे १८९३ मध्ये जे घडले त्याचा उल्लेख पर्यटकांसाठीच्या लेखनात क्वचितच सापडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. मीठ काढण्याच्या हंगामासाठी फ्रेंच आणि इटालियन मजूर एकत्र कामाला लावले होते आणि मजुरी कामाच्या मापावर मिळत असे, त्यामुळे टोळ्यांत खटके उडत. त्यातच इटालियनांनी गावातल्या लोकांना ठार केल्याची खोटी अफवा पसरली आणि १७ ऑगस्टला जमावाने इटालियन मजुरांची शिकार केली. अधिकृत आकड्यांनुसारही किमान ८ जण मारले गेले. इटलीत फ्रान्सविरोधी दंगली उसळल्या, गावाच्या महापौरांना पद सोडावे लागले, आणि वर्षअखेरीस आंगुलेम येथे चाललेल्या खटल्यात ज्यूरीने सर्व आरोपींना निर्दोष सोडले.